मास्तर गेल्यावर त्यांच्या चाली कशा राखाव्यात

आरमोरी तालुक्यातल्या एका गावच्या नाट्यमंडळाच्या तरुण सचिवाने विचारले आहे: आमचे संगीत मास्तर भाद्रपदात वारले. तीसेक वर्षे मंडळाच्या नाटकांना त्यांनीच चाली दिल्या आणि पेटीही त्यांनीच वाजवली. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आहे. त्या रात्री नाटकाआधी त्यांच्या आठवणीत दोन तासांचा कार्यक्रम ठेवायचा आहे. नागपूरहून ऑर्केस्ट्रा बोलवावा का? मास्तरांना संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकीबुवा फार प्रिय, तर त्यांची नाट्यपदे घ्यावीत का? आणि भाषणात काय बोलावे?

भाऊ, मास्तर गेल्याचे मला वडशाच्या स्टेशनवर कळले. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या मुलखात, मी अडतीस हंगाम पेटीवर काढले, त्यातले सहा तुमच्या मास्तरांच्या शेजारी बसून. दुसरी पेटी माझी असे. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते दुरून लिहीत नाही.

ऑर्केस्ट्रा बोलावू नका. ती मंडळी चांगली गातात, पण मास्तरांची एकही चाल त्यांना येत नाही. अकरा वर्षांपूर्वी माझ्या गुरूंच्या पहिल्या पुण्यतिथीला हेच झाले. फोटोला हार घातला, पाहुण्यांच्या सत्कारात दीड तास गेला, मग ट्रॅक लावून सात गाणी झाली. सातातले एकही गुरुजींचे नव्हते. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. घरी पोचवायला गेलो तर दारातच म्हणाल्या, "त्यायचं एकबी नाई वाजलं जी." मी संयोजकांत होतो. ते वाक्य माझ्या अंगावर आजही आहे, म्हणून तुम्हाला इतके लांब उत्तर लिहितो आहे.

नाटकाचा संगीतकार लोकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. 'परवशता पाश दैवे' म्हटले की सगळे दीनानाथांचे नाव घेतात. 'रणदुंदुभी' लिहिले आपल्या अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी, हे जाणकारांना माहीत असते. पण त्याला चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या, हे दहात एखादा सांगेल. 'कट्यार काळजात घुसली'चेही तेच. ते 24 डिसेंबर 1967 ला रंगमंचावर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, त्यात खाँसाहेबांची भूमिका केलेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मलेले, म्हणून आपण विदर्भाची माणसे ते नाटक आपले समजतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला सूर गोव्यातल्या मंगेशीच्या माणसाने, पंडित जितेंद्र अभिषेक्यांनी, बांधला. वसंतरावांच्या गळ्यात ती पदे इतकी भिनली की ऐकणाऱ्याला ती त्यांचीच वाटतात.

त्याच नाटकातले एक उदाहरण घ्या. 'घेई छंद मकरंद' हे पद तिथे दोन चालींत येते. शब्द तेच. एक चाल नाटकातल्या पंडितजी या पात्राच्या घराण्याची, संथ, एकेक सूर निरखत जाणारी. दुसरी खाँसाहेबांची, चपळ, तानांनी खेळणारी. दोन घराण्यांतला फरक पानभर संवादांत समजावता आला असता. अभिषेक्यांनी तो प्रेक्षकांच्या कानांवर सोपवला, आणि राग न कळणाऱ्या माणसालाही तो कळतो. मैफलीत बहुतेक वेळा यांतली एकच चाल गायली जाते. पद म्हणून ते गोडच लागते, पण संगीतकाराने नाटकासाठी काय केले ते त्यात उरत नाही. दोन्ही चाली एकामागोमाग वाजल्या तरच तो माणूस दिसतो.

म्हणून मास्तरांची गाणी सुटी सुटी गायला लावू नका. प्रवेशासकट करा.

तुमच्या मंडळाचे ते भावांच्या वाटणीचे नाटक आठवा. पहिल्या अंकात आई पाळण्याशी अंगाई म्हणते. सरळ केरवा ताल, चाल ओळखीची, धानाच्या रोवण्याच्या (लावणीच्या) वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाया म्हणतात त्या गाण्याच्या वळणाची. तिसऱ्या अंकात तोच मुलगा मोठा होऊन धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात मारला जातो, आणि आई त्याचे डोके मांडीवर घेऊन तीच अंगाई म्हणते. शब्द एकही बदललेला नाही. मास्तरांनी तिथे तबला काढून टाकला होता. पेटीवर फक्त षड्ज-पंचम (सा-प) धरून ठेवायचे आणि लय बाईच्या श्वासावर सोडायची. पहिल्या प्रयोगाला मला ते समजले नव्हते. ओळ संपली, मधे रिकामे वाटले, म्हणून मी सवयीने एक छोटी जागा भरली. मास्तरांनी उजव्या हाताने आपला सूर धरून ठेवला आणि डावा हात माझ्या भात्यावर ठेवून तो दाबून बंद केला. माझ्याकडे पाहिले नाही. नजर बाईवरच होती. हळूच म्हणाले, "पेटी थांबव. तिले रडू दे." त्या शांततेत मंडपाच्या मागच्या बाजूला कोणाचे तरी तान्हे रडत होते, तेवढेच ऐकू येत होते. शेवटची ओळ बाईंनी गायलीच नाही, बोलून टाकली. ती तशीच ठेवायची असे मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ठरवले, आणि पुढे प्रत्येक प्रयोगात ती बोललीच गेली.

आता ही तिसऱ्या अंकातली अंगाई कोणी ऑर्केस्ट्रावाला ढोलकी-ऑक्टोपॅडवर म्हणाला तर मास्तर कुठे राहिले? ते त्या काढून टाकलेल्या तबल्यात होते.

तर कार्यक्रमात तीनच प्रवेश घ्या. प्रत्येकात गाण्याआधीचे चार-पाच मिनिटांचे संवाद घ्या, मग गाणे, मग गाण्यानंतरची पहिली दोन वाक्ये. वेषभूषा नसली तरी चालेल. जुने नट खुर्चीवर बसून बोलले तरी चालेल. ज्यांना तोंडपाठ राहिले नाही त्यांना मागून प्रॉम्प्टिंग द्या, आपल्याकडे त्याचे कोणाला काही वाटत नाही. अंगाई दोनदा घ्या, पहिल्या अंकातली आणि तिसऱ्या अंकातली, आणि दोन्हींच्या मधे निवेदकाने एक शब्दही बोलू नये.

हे जमवायचे तर सामग्री आधी हाती हवी, आणि तिथे घाई आहे. हलके धान दिवाळीच्या आसपास कापायला येते. एकदा विळे निघाले की मास्तरांची चाल ज्यांना येते त्या बाया-माणसे तुम्हाला घरी सापडायची नाहीत. या आठवड्यातच निघा.

पहिल्यांदा त्यांच्या घरी जा आणि वह्या मागा. हक्काने नाही, विचारून. मास्तर पूर्ण स्वरलिपी लिहीत नसत. शब्दांच्या वर दोन-तीन सूर, तालाची सम जिथे येते तिथे फुली, आणि समासात नटाचे नाव नि पट्टी (त्याच्या गळ्याचा 'सा' पेटीवर कुठे येतो ते), एवढेच. नवख्याला ते पान निरर्थक वाटेल. माझ्यासारख्याला त्यातून तीन चतुर्थांश चाल उभी करता येते. म्हणून एकही पान, पाठकोरे कागदसुद्धा, टाकू देऊ नका. वाळवी लागली असेल तर वही झटकू नका. जिथे आहे तिथेच उघडून, दिवसाच्या उजेडात, मोबाईलने पानापानाचा फोटो काढा. समास कापला जाणार नाही हे पाहा, कारण सगळे समासातच आहे. वही परत त्यांच्या घरीच ठेवा.

कॅसेटी निघतीलच. वीस-पंचवीस वर्षांची कॅसेट हाती आली की तिला थेट टेपमध्ये घालायची चूक करू नका. आधी तिच्या कडेच्या दोन खुंट्या मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंगचे बटण दाबले गेले तरी पुसली जाणार नाही. चकतीत पेन्सिल घालून थोडी फिरवा. अडत असेल किंवा फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर घरी प्रयोग न करता जाणकाराकडे न्या. चांगली असेल तर टेपचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसा, आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच ती संगणकावर उतरवून घ्या. जुनी फीत दुसऱ्यांदा तितकीच चांगली वाजेल याचा भरवसा नसतो. मूळ फाइल वेव्हमध्ये ठेवा, व्हॉट्सॅपवर पाठवायला लहान प्रत वेगळी काढा.

यात एक खोच आहे. टेपची गती कमी-जास्त असेल तर सूर खाली-वर सरकतो. कॅसेटवर काळी तीनमध्ये (पेटीची तिसरी काळी 'सा' धरून) ऐकू येणारे गाणे मूळचे काळी दोनचे असू शकते. तरुण पोरे कॅसेट ऐकून चाल बसवतात, मग म्हणतात मास्तरांनी इतके उंच कसे ठेवले असेल? त्यांनी ठेवलेच नव्हते. पट्टी वहीतून घ्या, किंवा ज्यांनी गायले त्यांना विचारा.

पट्टी हा मास्तरांच्या कामाचा गाभा होता, आणि बाहेरच्याला तो दिसत नाही. आपल्याकडे नटी बहुतेक बाहेरून येते. प्रयोगाच्या दिवशी दुपारी गाडीतून उतरते, जेवण होते, आणि रात्री नऊला तिला उभे राहायचे असते. संगीतकाराच्या हाती तिच्यासोबत दीड-दोन तास. तेवढ्यात चार गाणी तिच्या गळ्यात बसवायची. मास्तर आधी तिला साधे बोलायला लावत, तिच्या बोलण्यातला सूर पेटीवर शोधत आणि मग पट्टी ठरवत. द्वंद्वगीताची खरी पंचाईत असते. नट काळी एकचा आणि नटी काळी चारची असली, तर एकाच्या पट्टीत दुसऱ्याचा गळा तुटतो. पण काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. मास्तर नटाचे कडवे षड्जाभोवती बांधत आणि नटीचे कडवे त्याच्या पंचमाला षड्ज धरून. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात ते असा पूल टाकत की प्रेक्षकाला पट्टी बदलली हे कळतही नसे. नटी काळी तीनची आली तर पंचमाऐवजी मध्यम धरत, की झाले. एकाच द्वंद्वगीताच्या त्यांच्या वहीत दोन-दोन मांडण्या आहेत त्या यासाठी. पाहणाऱ्याला वाटेल मास्तरांचे ठरत नव्हते. त्यांचे दोन्ही ठरलेले होते.

मास्तरांच्या कामात अभिषेकीबुवांकडून काय आले, हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मास्तर स्वतः सांगत. जुन्या संगीत नाटकात पदे आलाप-तानांनी लांबत, वन्समोअर पडत, रात्र सरे, आणि नाटक गाण्यासाठी थांबून राही. 1964 च्या 'मत्स्यगंधे'पासून अभिषेक्यांनी पद आटोपशीर केले, प्रसंगाच्या मापाचे केले. आपल्याकडे नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, म्हणून झाडीपट्टीत गाणे कितीही लांबवले तरी चालते अशी अनेकांची समजूत आहे. मास्तरांना ती मान्य नव्हती. ते म्हणत, रात्र मोठी आहे म्हणून प्रवेश मोठा होत नाही.

7 नोव्हेंबर 1998 ला अभिषेकीबुवा गेले. आमचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. बातमी आली तेव्हा आम्ही ब्रह्मपुरीकडच्या एका गावात होतो, मंडपाच्या मागे पेट्या उतरवत होतो. मास्तर काही बोलले नाहीत. रात्री नांदीच्या आधी, पडदा बंद असताना, त्यांनी 'गर्द सभोवती रान'चा मुखडा एकदाच, अगदी हलक्या भात्याने वाजवला आणि लगेच नांदीचा सूर धरला. बाहेर बसलेल्या लोकांना वाटले पेटी लावून पाहत आहेत. 'मत्स्यगंधा'तले ते पद बालकवींच्या कवितेचे, आशालता वाबगावकरांनी गायलेले. आपल्या झाडीतल्या माणसाला त्यातले रान कोणी समजावून द्यावे लागत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: अभिषेक्यांचे एकच पद घ्या, हेच घ्या, सुरुवातीला घ्या, आणि फक्त पेटीवर घ्या. बाकी वेळ मास्तरांचा.

काही लोक मुद्दाम आठवण करून देतील की मास्तरांच्या अमुक गाण्याची चाल सिनेमातल्या गाण्यावरून घेतलेली, तमुक दंडार या लोकनाट्यातली, तमुक भजनातली. ते खरे आहे, आणि लपवू नका. किर्लोस्करांच्या काळापासून नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर 'चाल:' असे लिहून मूळ गाण्याचा उल्लेख छापत आले आहेत. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. तुमच्या पत्रिकेतही तसेच छापा. अंगाईखाली 'चाल: रोवण्याचे गाणे' असे लिहा. मूळ गाण्याला मास्तरांनी कुठे वळवले ते ऐकणाऱ्याला आपोआप कळेल, आणि बांधीत ते गाणे म्हणणाऱ्या बायांनाही त्यांचे श्रेय मिळेल. शक्य झाले तर त्यातल्या दोघी-तिघींना बोलवा आणि अंगाईच्या आधी मूळ गाणे म्हणायला लावा. मला विचाराल तर सबंध कार्यक्रमात मी याचीच सर्वांत जास्त वाट पाहीन.

जुन्या नटनट्यांचे रेकॉर्डिंग करताना एकेकालाच बसवा. दोघे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची चाल खरी ठरते. आधी पेटीवर षड्ज द्या, तोंडाने पट्टी सांगा, मग गाऊ द्या. मधे टोकू नका. चुकले, विसरले तरी चालू द्या, नंतर पुन्हा म्हणवून घ्या. गाणे झाले की एक प्रश्न जरूर विचारा: मास्तरांनी हे तुम्हाला कसे शिकवले? गाण्यापेक्षा त्याच्या उत्तरात जास्त सापडते. पंख्याचा आवाज मोबाईलमध्ये फार येतो, तो बंद करा. दोन जणांच्या चाली वेगळ्या निघाल्या तर भांडू नका, दोन्ही ठेवा. पट्टी आणि माणूस बदलला की मास्तर स्वतःच चाल बदलत, हे वर सांगितलेच आहे.

घरच्यांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या कायद्यात संगीतकृतीवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, आणि मास्तरांचा तो आता त्यांच्या वारसांचा आहे. कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकणार असाल तर आधी मास्तरांच्या पत्नीची, म्हणजे तुमच्या काकूंची, आणि मुलांची लेखी संमती घ्या. पुढे कोणत्या नाटक कंपनीला त्यांच्या चाली वापरायच्या असतील तर त्यांनी कुटुंबाला विचारावे, हेही मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा. मी एका कंपनीत चार हंगाम चाली दिल्या. पोस्टरवर नट, नटी, लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजना, मंडपवाला, सगळ्यांची नावे होती, संगीत कोणाचे ते नव्हते. मी तेव्हा बोललो नाही आणि आज ते सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही. मास्तरांच्या बाबतीत असे होऊ देऊ नका.

भाषण कोणी करायचे असेल तर दहा मिनिटांत करावे. थोर होते, पोकळी झाली, असे बोलण्यात ती दहा मिनिटे जातात आणि श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी नाटकांची यादी वाचा: वर्ष, नाटक, त्यात मास्तरांची किती गाणी, कोणी गायली. तीस वर्षांची यादी वाचायला वेळ लागेल, लागू द्या. गावातली निम्मी माणसे त्या नाटकांत कधी ना कधी उभी राहिलेली आहेत, ती ऐकतील. यादीत चूक असेल तर समोरून कोणी तरी उठून सांगेल, ते तिथल्या तिथे लिहून घ्या.

आणि तबला दोन जोड आणा. त्या दिवसांत नऊ-दहानंतर दव पडू लागते, तबल्याची पुडी (कातडे) ओलावते, सूर उतरतो आणि पेटीशी जुळत नाही. एक जोड शेकोटीपासून हातभर लांब, उबेत ठेवायचा आणि मधे बदलायचा. मास्तर हे काम कोणावर सोपवत नसत, स्वतः उठून जात.

त्यांची पेटी काकूंनी दिली तर तीच वाजवा. फोटोशेजारी हार घालून ठेवू नका. बरेच दिवस बंद असेल तर आधी चार दिवस कोणाला तरी रोज थोडी वाजवायला सांगा, भाता मोकळा होतो आणि कुठला सूर दबला आहे ते कळते. त्यांच्या पेटीचा मंद्र सप्तकातला कोमल निषाद जरा उशिरा बोलतो. तो दुरुस्त करू नका, मला त्याची सवय आहे. मी येतो. अंगाई म्हणणाऱ्या बाईंची आजची पट्टी काय आहे तेवढे आठवडाभर आधी कळवा. वय झाल्यावर गळा उतरतो, आणि मास्तरांनी लिहिलेल्या पट्टीत त्यांना ओढायचे नाही.